मावशीचं जाऊन-येऊनचं तिकीट

पिलनाम मावशीशी बोलायचं तर छातीत दम हवा. बुसान बंदरात, यॉंगदोच्या धक्क्यावर तिनं एकतीस वर्षं हातोडी चालवली. दुरुस्तीला आलेलं जहाज पाण्याबाहेर ओढायचं, त्याच्या पोटावरचा गंज नि शिंपले ठोकून काढायचे, मगच त्यावर नवा रंग बसतो. दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून दिवसभर कांग-कांग, कांग-कांग. त्या बायकांना गावानं नावच ठेवलं होतं, कांगकांगवाल्या. गंजाबरोबर मावशीचे कानही झडले. तेव्हापासून तिची अशी समजूत आहे की बहिरं बाकीचं जग झालंय, म्हणून तीही ओरडूनच बोलते.

एकदा फळीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. तिनं हातोडी डाव्या हातात घेतली आणि महिन्याभरात डावखुरी झाली. पुढं मनगट जुळलं, तेव्हा मुकादम म्हणाला, "आता घ्या की उजव्या हातात." तर म्हणे, "त्याला पेन्शनीत काढलंय." आजही ती जेवते उजव्या हातानं आणि काम करते डाव्या.

पिलनाम या नावाचा अर्थ 'मुलगाच हवा'. मुलगी झाली की पुढच्या खेपेची आठवण देवाला राहावी म्हणून तिच्यावर असलं नाव चिकटवून ठेवायची पूर्वी रीत होती. नावाला गुण आला. तिच्या पाठीवर मानबो मामा झाला. काम झाल्यावर चिठ्ठी फाडून टाकावी तसं ते नाव बदलायला हवं होतं, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यात शेवटी झाली माझी आई, सोकजा. ती दोन वर्षांची असताना आजी वारली. तेव्हा मावशी अकराची होती, मामा आठचा.

हे सगळं जेजू बेटावरचं. मी वाढलो समुद्राच्या अलीकडं, सामचॉनपो नावाच्या मासळीच्या गावात. त्यामुळं बेटावरच्या चालीरीतींबाबतीत माझी पाटी कोरी. आई मला तिकडं कधी घेऊन गेली नाही. विमान म्हटलं की तिच्या पोटात कालवतं, आणि बोट म्हटलं की कालवलेलं बाहेर येतं.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला आमचा मोठा सण. त्याआधी पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापून यायचं असतं. जेजूत तर म्हणतात की सणाला नाही आलास तरी चालेल, गवताला ये. सणाआधी ज्यांचं गवत कापलं जात नाही, ते पितर डोक्यावर काटेरी झुडूप घेऊन जेवायला येतात, अशी तिथली समजूत. हे काम पुरुषांचं. मामानं ते जन्मभर केलं. चौदा वर्षांपूर्वी तो यकृताच्या दुखण्यानं गेला. जाण्याआधी दवाखान्यात मावशीचा हात धरून म्हणाला, "ताई, माझ्या पोरांच्यानं हे होणार नाही. आईला काटे घेऊन येऊ देऊ नकोस." पोरांबद्दल तो बरोबर होता. थोरला चर्चमध्ये जायला लागला आणि त्यानं थडग्यांपुढं वाकणं सोडलं. धाकट्यानं चर्चमध्ये न जाताच सोडलं.

तेव्हापासून दरवर्षी मावशी जाते. सकाळच्या विमानानं जायचं, संध्याकाळच्या विमानानं यायचं. यंदा गुडघे कुरकुरायला लागले म्हणून तिनं मला फोन केला. "योंगसोक, तुझीही आजीच आहे ती. शनिवारी काय करतोस?"

"झोपतो."

"विमानात झोप."

तिकिटं मी काढली. स्वस्तातल्या कंपनीची. त्यांचा नियम असा की बदल नाही, परतावा नाही, आणि तक्रार असेल तर ती मनातल्या मनात. सकाळी सातला जायचं, संध्याकाळी सहा पस्तीसला परत. त्या दिवसाची बाकी सगळी विमानं महिनाभर आधीच भरलेली.

विमानतळावर सामानाच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, बॅगेत धारदार काही?"

"काय?"

"धार!" मी ओरडलो.

"विळा आहे. एकच. वर्तमानपत्रात गुंडाळलाय, त्यावर माझा जुना पायजमा."

मुलीनं मान वर केली नाही. "तुमच्या आधी सकाळपासून एकोणचाळीस गेलेत. पुढचे कोण?"

विमानात जिकडं बघावं तिकडं डोंगरात जायचे बूट, कोपरापर्यंतचे कापडी हातमोजे आणि गळ्यात टॉवेल. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. पाणीसुद्धा मागितल्यावर, कागदी पेल्यात घोटभर. नैवेद्याचं गाठोडं मावशीनं मांडीवर घेतलं होतं. हवाई सुंदरी आली आणि वाकून म्हणाली, "आजी, हे समोरच्या सीटखाली ठेवावं लागेल."

"माझ्या आईचं जेवण पायाशी ठेवू?"

ती बावचळली. मग तिलाच सुचलं. "मग वर ठेवते. सगळ्यांच्या डोक्यावर."

"हां," मावशी अख्ख्या विमानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही चांगल्या घरची आहे." मागं कुणीतरी टाळी वाजवली.

पंचावन्न मिनिटांचा तर प्रवास. तेवढ्यात तिनं मला आजीच्या अंत्ययात्रेचं सांगितलं. बायकांनी थडग्यापर्यंत जायचं नसे. तिला खाली पायथ्याशी पाण्याची घागर घेऊन उभं केलं होतं. आठ वर्षांचा मानबो सुतकाचे जाडेभरडे कपडे घालून सगळ्यांच्या पुढं चढत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली, मग माणसं उतरायला लागली आणि पाणी मागायला लागली. आईला नेमकं कुठं ठेवलं, ते तिनं त्या दिवशी पाहिलंच नाही. मामानं मरताना खूण सांगितली. चढ संपला की दगडी कुंपणांची तीन थडगी, त्यातलं मधलं आईचं. समोर एक दगड आहे.

"इतकी वर्षं मामाबरोबर एकदाही नाही गेलीस?"

"जहाजं वाट बघत होती का माझी? आणि मला बोलावलं कुणी?" एवढं बोलून ती खिडकीतून ढग बघायला लागली.

हालिमपर्यंत बस, पुढं टॅक्सी. कोबीच्या शेतांमधून जाणाऱ्या सिमेंटच्या वाटेवर टॅक्सीवाल्यानं सोडलं आणि म्हणाला, "चारला फोन करा, मीच येईन. दुसरं कोणी मिळणार नाही, आज सगळं बेट डोंगरात आहे." खरंच, चारही बाजूंनी गवत कापायची यंत्रं घोंघावत होती.

चढायला पाऊण तास लागला. वर काळ्या दगडांची चौकोनी कुंपणं दिसली. छातीइतकीही उंच नाहीत, नुसते दगडावर दगड. एक खाली, दुसरं थोडं वर, मध्ये झुडपांचं एक मोठं रान, आणि तिसरं त्याहून वर. मावशीनं बोट दाखवून मोजलं. "एक. दोन. तीन. मधलं."

गवत कमरेइतकं होतं. थडग्यासमोरचा दगड पुढं कलला होता, शेवाळानं काळा पडला होता. मी नखानं खरवडलं. अक्षरं निघाली, पण चिनी. शाळेत चिनी अक्षरांच्या तासाला मी खिडकीजवळ बसायचो आणि खिडकीतून बंदर दिसायचं, त्यामुळं माझं चिनी अक्षरांचं शिक्षण बंदरातच झालं.

"काय लिहिलंय?" मावशीनं विचारलं. तिला ती अक्षरं अजिबात येत नाहीत.

मी बराच वेळ डोळे बारीक केले. एकच अक्षर ओळखीचं निघालं. "नवरा!"

"काय?"

"इथं 'नवरा' लिहिलंय!"

"असणारच," मावशी विळ्याला धार लावत म्हणाली. "बाईच्या दगडावर दुसरं काय लिहितात?"

मलाही ते पटलं.

ती डाव्या हातानं कापत गेली, मी गवत गोळा करत गेलो. "कुठं टाकू?"

"पलीकडं, त्या झुडपांवर. दरवर्षी तिथंच टाकते."

मी भारे उचलून कुंपणावरून झुडपांवर भिरकावत राहिलो. साडेअकरापर्यंत मातीचा उंचवटा न्हाव्याकडून आल्यासारखा दिसायला लागला. मग तिनं गाठोडं सोडलं. तळलेले मासे, काडीवर टोचलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, नाशपाती, आणि कॅस्टेला केक. जेजूची माणसं पितरांना केक वाढतात. आम्ही वाकलो, तांदळाची दारू ओतली. आणि मग मावशीनं आईशी बोलायला सुरुवात केली.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ती मांडी घालून बसली आणि वर्षभराचं सगळं सांगत सुटली. मोठ्या मुलीचा घटस्फोट, त्यात जावयाची चूक किती आणि मुलीची किती. रक्तदाबाच्या गोळ्या. शेजारणीनं उसन्या नेलेल्या पातेल्याचं तिनं काय केलं. रात्री पाय सुन्न होतात, ते ती पोरांना सांगत नाही. मध्येच माझ्याकडं बोट दाखवून, "हा सोकजाचा मुलगा. एकतिसाचा झाला, लग्न नाही. बंदरात कारकून आहे. बुद्धी बरी आहे, पण ती झोपेत खर्च होते." समोरच्या टेकडीवरच्या माणसांची यंत्रं थांबली होती, तेवढ्यात त्यांनाही ते ऐकू गेलं असणार.

तासभर झाला असेल. मी वळलो तर कुंपणाच्या फटीत एक म्हातारा उभा. पाठीला यंत्र, हातात जेवणाचा डबा. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हातातून निसटल्यासारखं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही ज्यांना आई म्हणताय, ते माझे वडील आहेत."

"काय म्हणतायत?" मावशीनं मला विचारलं.

मी सांगितलं नाही. दगडाकडं बोट करून म्हटलं, "काका, चूक होतेय तुमची. इथं 'नवरा' लिहिलंय बघा."

तो जवळ आला आणि दगडासमोर उकिडवा बसला. "ते 'नवरा' नाही रे, पोरा. अक्षर तेच. पण आडनावात ते 'बू' होतं. आमचं आडनाव बू. मी बू जोंगहाक." मग कुंपणाकडं हात केला. "आणि फट बघ कुठं ठेवलीय. पितरांच्या येण्याजाण्याची. निजलेल्याच्या डाव्या हाताला. बाप्याची डावीकडं असते, बाईची उजवीकडं. तुला घरात कुणी शिकवलं नाही?"

नव्हतं शिकवलं. मावशीलाही नाही. अकरा वर्षांच्या पोरीला खाली घागर घेऊन उभं करणाऱ्यांनी ते कशाला शिकवावं?

मला तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागलं. "मावशी, हे थडगं आपलं नाही! यांच्या वडिलांचं आहे!"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, मग केककडं. मग हळूच विचारलं, इतकं हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, "मग माझी आई कुठाय?"

 बूकाका यंत्र खाली ठेवून गवतावर बसले. कापलेल्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "दरवर्षी तुम्हीच कापायचात?"

"चौदा वर्षं," मी म्हणालो.

"डाव्या हातानं."

"हो."

त्यांनी मान हलवली आणि सांगितलं ते तुटक तुटक. त्यांचं सगळं घराणं दरवर्षी पुढच्या रविवारी येतं. येऊन बघावं तर वडिलांचं गवत आधीच कापलेलं. विळ्यानं, आणि कापाची रेघ उलटी, डावखुऱ्या माणसाची. घरात डावखुरा एकच, धाकटा भाऊ जोंगबे. तो ओसाकाला गेला होता. वडील वारले तेव्हा एक दिवस उशिरा पोचला, माती देऊन झाली होती. "मी त्याला दारातूनच हाकललं. बापासाठी वेळ नव्हता तर आता कशाला आलास, म्हणालो. तो गेला. एकतीस वर्षं झाली, पत्र नाही, फोन नाही. मग हे गवत दिसायला लागलं. मी घरात सगळ्यांना सांगितलं, बघा, माझ्यावर राग आहे, पण बापाला विसरला नाही. यंदा म्हटलं, आपण आठवडाभर आधी जायचं. त्याला गाठायचं. पाया पडायची वेळ आली तर पडायचं."

मावशी आमच्या ओठांकडं बघत होती. "काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "नंतर सांगतो."

"आत्ता सांग!"

असली गोष्ट कुणाच्या कानात ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. मी डोंगरावर उभा राहून बोंबललो, "यांना वाटायचं, यांचा भाऊ येऊन कापून जातो! ते भावाची वाट बघत होते!"

बूकाकांनी मान खाली घातली. समोरच्या टेकडीवरचं एक यंत्र पुन्हा सुरू झालं आणि बंद पडलं.

मावशी उठली, त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, मी तुमचा भाऊ नाही. माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागता?" ते म्हणाले. "माझ्या बापाची चौदा वर्षं सेवा केलीत. भाड्याचा माणूससुद्धा इतकं कापत नाही."

"माझी आई," मावशी म्हणाली.

मग ते उठले आणि कुंपणापाशी गेले. पलीकडच्या झुडपांच्या रानाकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव ह्यॉन का?"

मी हो म्हणालो.

"मग तुमची आई तिथं आहे. या झुडपांच्या खाली कुंपण आहे. मी तरुणपणी उघडं पाहिलंय. एक माणूस यायचा, बारीकसा, ह्यॉन म्हणायचे त्याला. मग यायचा बंद झाला. ते सगळ्यात खालचं कुंपण त्यानंतर झालं. आम्हाला वाटलं, यांचा वंश बुडाला."

मामा शेवटची तीन वर्षं आजारी होता. तेवढ्यात वेलींनी आणि काट्यांनी सगळं गिळलं. नंतर मावशी आली, तिनं जे दिसलं ते मोजलं, आणि त्यातलं मधलं धरलं. मामानं सांगितलेलं मधलं हेच. ते दिसत नव्हतं एवढंच.

मावशीनं झुडपाकडं पाहिलं. वर माझे सकाळचे हिरवे भारे पडलेले.  ती कुंपण ओलांडून पलीकडं उतरली, तेव्हा तिचे गुडघे कुरकुरले का, ते मला कळलं नाही. तिनंही ते मला सांगितलं नाही.

बूकाकांनी यंत्र सुरू केलं आणि कडेनं वेली तोडायला लागले. मी ओढून काढत होतो. मावशीनं बाईच्या बाजूची, उजवीकडची फट शोधली आणि तिथूनच आत विळा घातला. काटे कोपरापर्यंत. वरचं गवत निघालं, त्याखाली गेल्या वर्षीचं, पिवळं, त्याखाली त्याआधीचं, काळं आणि भिजलेलं, कुजून चिकटलेलं. ती ते दोन्ही हातांनी उपसत होती. एकदाच म्हणाली, "हे मीच टाकलं." मी म्हटलं, "मावशी, तुला काय माहीत?" तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून नाही सांगितलं. ऐकू जाऊन तरी काय झालं असतं?

साडेतीनला उंचवटा दिसला. तो उंचवटा तरी कसला, पोटावर झोपलेल्या मुलाच्या पाठीएवढा फुगवटा. समोर गुडघ्याएवढा दगड, त्यावर एकही अक्षर नाही. आमच्या आजोबांना अक्षरं कोरून घेणं कुठून परवडणार?

आता अडचण नैवेद्याची. आमचं सगळं जेवण बूंच्या वडिलांना वाढून झालेलं. एकाला दाखवलेला नैवेद्य दुसऱ्याला चालत नाही. मावशी रिकामं गाठोडं हातात घेऊन उभी राहिली.

बूकाका आपला डबा घेऊन आले. "हे घ्या. अजून कुणाला दाखवलेलं नाही."

मी झाकण उघडलं. भाजलेला अख्खा मासा, डुकराचं मांस, दोन पेले. दोन.

"काका, हे तर तुम्ही त्यांच्यासाठी..."

"ज्याच्यासाठी आणलं, तो येणार नाहीये," ते म्हणाले. "तुमच्या आजीला वाढ. चौदा वर्षं उपाशी आहे बाई." आणि पाठ फिरवून ते आपल्या वडिलांच्या कुंपणात गेले.

आम्ही वाढलं आणि वाकलो. मावशी कपाळ जमिनीला टेकवून बराच वेळ उठलीच नाही. उठली ती मांडी घालूनच बसली.

मी टॅक्सीवाल्याला फोन केला. चार दहाला तो खाली येऊन हॉर्न वाजवायला लागला.

"मावशी, टॅक्सी आली!"

"येऊ दे."

"विमान सहा पस्तीसचं आहे!"

"असू दे."

"तिकीट वाया जाईल! उद्याची सगळी भरलीत! परतावा नाही!"

तिनं मला हातानं खाली बसायला सांगितलं. बसलो. ती म्हणाली, "सकाळी मी तासभर बोलले, ते कुणाला?"

"बूंच्या वडिलांना."

"आणि गेली तेरा वर्षं?"

मी पुन्हा बूंच्या कुंपणाकडं बोट केलं.

"मग हिला काय माहीत आहे?" तिनं उंचवट्यावर हात ठेवला. बोटांवर काट्यांचे ओरखडे होते, त्यावर माती. "योंगसोक, हिला मानबो गेल्याचं माहीत नाही. तो यायचा, मग यायचा बंद झाला. मरताना मला सांगून गेला, आईला विसरू नकोस. आणि इथं हिला काय वाटलं असेल? मानबो विसरला. पोरं विसरली. वर पुन्हा कुणीतरी दरवर्षी येऊन अंगावर कचरा टाकतंय."

"तू सांग ना लवकर. पाच मिनिटांत सांग की मामा गेला."

"आईला तिचा मुलगा गेला हे पाच मिनिटांत सांगायचं असतं?"

 खाली हॉर्न वाजत होता.

"आधी बाकीचं सांगावं लागेल," ती म्हणाली, जणू कामाची आखणी करत होती. "त्याचं लग्न, पोरं, चांगलं चांगलं सगळं. मग दुखणं. मग ते. वेळ लागतो त्याला. तू जा. परवा कामावर नको का जायला?"

बूकाका कुंपणापाशी येऊन उभे होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "जा तू. घरी माझी बायको आहे, खोली आहे, जेवण आहे. सोमवारी मी स्वतः विमानतळावर सोडेन." मग म्हणाले, "मलाही बापाला सांगायचंच आहे. इतकी वर्षं जोंगबे येतो असं सांगत होतो."

मी उतरायला लागलो. वळून पाहिलं तर दोन कुंपणं, दोन पाठी. मावशीचा आवाज अर्ध्या चढापर्यंत येत होता. "आई, मी पिलनाम. मानबोची बायको तू पाहिली नाहीस. उंच आहे, दात पुढं आहेत, पण मासे असे करते म्हणतेस..." पुढचं टॅक्सीच्या इंजिनात बुडालं.

विमानतळावर सगळे सकाळचेच चेहरे, फक्त मातीनं आणि उन्हानं रंगलेले. रांगेत माझा नंबर आला तसा मी दोन्ही तिकिटं दाखवली.

"सोबतचे प्रवासी?" गेटवरच्या मुलानं विचारलं.

"डोंगरावर आहेत. आईशी बोलत बसल्यात."

"फोन करा ना. दहा मिनिटांत दार बंद होईल."

"फोन केला तरी त्यांना ऐकू जात नाही."

त्यानं नियमाप्रमाणं तिचं नाव पुकारलं. ह्यॉन पिलनाम, ह्यॉन पिलनाम, बुसानला जाणाऱ्या प्रवासी ह्यॉन पिलनाम. रांगेतली एक आजी हसून शेजारणीला म्हणाली, "असलं नाव अजून कुणाचं उरलंय?" तिसऱ्यांदा पुकारून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. "येतायत का? किती वेळ लागेल त्यांना?"

मी घड्याळाकडं बघितलं. अजून लग्नच चालू असेल, फार तर थोरल्या मुलाचं बारसं. दुखण्यापर्यंत ती पोचली नसेल.

"तुम्ही निघा," मी म्हणालो.